शोरूमचे फोन कसे थांबवायचे: ‘बघू’ सोडण्यापासून १९०९ पर्यंत

मावशीचा दहावा होता. गोदाघाटावर पिंड मांडून आम्ही कावळ्याची वाट बघत होतो. मामा हात जोडून पुटपुटत होते, “काही राहिलं असेल तर आम्ही बघू, निश्चिंत जा,” आणि नेमका तेव्हा माझा फोन वाजला. गडबडीत कट करायला गेलो आणि उचलला गेला, तोही स्पीकरवर. “नमस्कार सर, गाडीचं काय ठरलं मग? आज बुकिंग केलंत तर ॲक्सेसरीज फ्री देतोय.” मामांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. कावळा आला तो त्यानंतर वीस मिनिटांनी. त्यालाही एक्सचेंज बोनस हवा असेल, असं मावसभाऊ नंतर म्हणाला.

गंमत म्हणजे गाडी घेऊन झाली होती, आणि तीही दुसऱ्याच कंपनीची. त्या शोरूममध्ये मी दीड महिन्यापूर्वी एकदाच गेलो होतो, एक टेस्ट ड्राइव्ह घेतली होती, एक कोटेशन घेतलं होतं. तेवढ्यावर आठवड्याला सहा-सात फोन. घाटावरून परतल्यावर मी ठरवलं की आता ब्लॉक करत बसायचं नाही, मुळापासून बंद करायचं. महिनाभर लागला, पण बंद झाले. त्यातलं काय उपयोगी पडलं, काय वाया गेलं आणि कशाचा क्रम चुकला, ते सगळं इथे सांगतो. वर लिहिलेलं १९०९ म्हणजे साल नव्हे, जाहिरातींचे फोन बंद करायचा आणि त्यांची तक्रार करायचा नंबर.

एक चौकशी, पाच याद्या

आधी हे समजून घ्या, नाहीतर पुढची मेहनत फुकट जाते. तुम्हाला वाटतं शोरूमकडे तुमचा नंबर एका ठिकाणी आहे. तसं नसतं. नव्या गाड्यांच्या विक्रीची यादी वेगळी. ‘सध्या कुठली गाडी आहे?’ या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलंत की जुन्या गाड्यांच्या, म्हणजे एक्सचेंजच्या यादीत नाव गेलं. ‘लोन करणार की कॅश?’ याला ‘लोन’ म्हणालात की तिथे टेबल टाकून बसलेल्या फायनान्सवाल्याकडे नंबर गेला. गाडी घेतली असेल तर सर्व्हिसची यादी आणि विम्याची यादी आणखी वेगळी. शिवाय कंपनीच्या वेबसाइटवर ‘किंमत पाहा’ म्हणून नंबर टाकला असेल, तर ती चौकशी कंपनीकडून तुमच्या भागातल्या डीलरकडे उतरते. एका शहरात दोन डीलर असले तर कधी दोघांकडेही.

म्हणून होतं काय, की तुम्ही एका मुलीला स्पष्ट ‘नको’ सांगता, ती बिचारी नोंद करते, आणि दोन दिवसांनी दुसरीचा फोन येतो. तिच्यापर्यंत तुमचा नकार पोचलेलाच नसतो. तिची यादी वेगळी आहे.

जुन्या गाडीची ‘ऑनलाइन किंमत काढा’ म्हणणाऱ्या साइट आणि विम्याची तुलना करून देणाऱ्या साइट या तर सगळ्यात वेगवान. तिथे नंबर टाकून ओटीपी दिला की चहा ओतून होईपर्यंत पहिला फोन येतो. नुसती उत्सुकता म्हणून आपल्या गाडीची किंमत बघायची असेल तर ओळखीच्या मेकॅनिकला विचारा. तो जवळपास बरोबर सांगतो आणि नंतर फोन करत नाही.

पहिली पायरी: ‘बघू’ म्हणू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि आपल्या लोकांना सगळ्यात अवघड. आपल्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही. ‘बघू’, ‘घरी विचारून कळवतो’, ‘पाडव्याला बघू’, ‘सध्या जरा कामात आहे’, ही आपली नकार द्यायची सभ्य भाषा. समोरच्या नातेवाइकाला ती कळते. शोरूमच्या कॉम्प्युटरला कळत नाही.

तिथे प्रत्येक चौकशीला ‘लीड’ म्हणतात. लीड उघडी असेल तर तिला पुढच्या फोनची तारीख टाकावीच लागते, त्याशिवाय काम पुढे सरकत नाही. ‘पाडव्याला बघू’ म्हणालात की पाडव्याच्या आठवडाभर आधीची तारीख पडली. ‘कामात आहे’ म्हणालात की आज संध्याकाळची. फोन उचललाच नाही तर ‘नो रिस्पॉन्स’, म्हणजे उद्या पुन्हा. तुम्ही दहा वेळा न उचलून जे सांगू बघता, ते तिथे दहा फॉलोअप म्हणून उभं राहतं. लीड बंद होते ती दोनच प्रकारे: गाडी विकली गेली, किंवा लीड ‘लॉस्ट’ झाली. आणि ‘लॉस्ट’ करायला कारण निवडावं लागतं. दुसरी गाडी घेतली, बजेट नाही, बेत रद्द झाला, असं काहीतरी.

तेव्हा तिला ते कारण तुम्हीच हातात द्या. मी शेवटी हे वाक्य पाठ केलं:

“ताई, मी दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली आहे. माझी लीड लॉस्ट करा आणि कारण तेच टाका. आणि हा नंबर डू नॉट कॉलमध्ये टाका. तुमचं नाव काय म्हणालात?”

या वाक्यात तीन गोष्टी आहेत. लीड, लॉस्ट हे त्यांचेच शब्द असल्यामुळे पलीकडचा माणूस एक क्षण थबकतो. हा गिऱ्हाईक आतला दिसतोय, असं त्याला वाटतं. दुसरं, पक्कं कारण मिळालं, आता टीम लीडरला दाखवायला तिच्याकडे काहीतरी आहे. तिसरं, नाव विचारलंत. नाव, तारीख आणि वेळ कागदावर लिहून ठेवा. मी किराणामालाच्या यादीच्या मागे लिहिलं होतं, तेही चाललं.

गाडी घेतली नसेल तर? तर ‘गाडी घ्यायचा बेत रद्द झाला’ म्हणा. खरं सांगायला हरकत नाही, पण त्यात फट ठेवू नका. ‘सहा महिन्यांनी कदाचित’ ही फट आहे. तुम्हाला खरंच सहा महिन्यांनी गाडी घ्यायची असेल तर तुम्हीच जाल, शोरूम कुठे पळून जात नाही.

आणि एक करू नका: ओरडू नका. मी पहिले दोन आठवडे ओरडत होतो. पलीकडे बहुतेक वेळा नुकती नोकरीला लागलेली मुलगी असते, दिवसाचे ठरलेले कॉल पूर्ण करायचे असतात आणि यादी तिने बनवलेली नसते. ओरडल्यावर ती फोन ठेवते, नोंद काहीच होत नाही, लीड उघडीच राहते. म्हणजे नुकसान तुमचंच.

दुसरी पायरी: लेखी कळवा

तोंडी सांगून विक्रीची यादी बंद होते. बाकीच्या चार बंद व्हायला लेखी लागतं. ईमेल पुरतो. पाठवायचा कुणाला? शोरूमच्या जनरल मॅनेजरला, आणि प्रत कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला. डीलर हा स्वतंत्र व्यावसायिक असतो, कंपनी वेगळी. पण कंपनीकडून विचारणा आली की डीलरकडे हालचाल होते. कंपनीच्या वेबसाइटवर अगदी तळाशी, बारीक अक्षरात ‘प्रायव्हसी पॉलिसी’ असते, तिथे बहुधा तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल मिळतो. तोही प्रतीत घाला.

मजकूर असा ठेवा, आपल्या तपशिलाप्रमाणे बदलून:

“मी अमुक तारखेला आपल्या अमुक शाखेत अमुक मॉडेलची चौकशी केली होती. ती चौकशी मी बंद केली आहे. जाहिरात आणि विक्रीसाठी माझा मोबाईल नंबर व ईमेल वापरण्याची संमती मी दिली असल्यास ती या पत्राने मागे घेत आहे. नवीन गाडी, एक्सचेंज, कर्ज, विमा, ॲक्सेसरीज, एक्सटेंडेड वॉरंटी यांपैकी कोणत्याही विभागाकडून फोन, एसएमएस, व्हॉट्सॲप किंवा ईमेल येऊ नये. माझा नंबर आपण बँक, विमा कंपनी किंवा अन्य कुणाला दिला असल्यास त्यांची नावे कळवावीत आणि त्यांनाही ही सूचना द्यावी. नंबर यादीतून काढल्याचे लेखी उत्तर सात दिवसांत द्यावे. यानंतर संपर्क झाल्यास मी १९०९ वर तक्रार नोंदवीन.”

तुमच्याकडे त्याच कंपनीची गाडी असेल तर एक ओळ वाढवा: “सर्व्हिसची आठवण आणि रिकॉलची सूचना मात्र चालू ठेवावी.” ही ओळ का, ते पुढे येईल.

‘संमती मागे घेत आहे’ हे शब्द गाळू नका, सगळं त्यावर अडलेलं आहे. टेस्ट ड्राइव्हच्या वेळी टॅबवर तुमचा नंबर टाकतात, ओटीपी येतो, सेल्समन म्हणतो, “सर, जरा ओटीपी सांगा, सिस्टिमला लागतो.” आपण सांगतो. त्या पडद्यावर खाली एक बरोबरची खूण आधीच केलेली असते आणि तिच्यापुढे लिहिलेलं असतं की कंपनी आणि तिचे सहयोगी तुम्हाला संपर्क करू शकतात, तुमचा नंबर डीएनडीत, म्हणजे ‘जाहिराती नकोत’ म्हणणाऱ्यांच्या यादीत, असला तरी. तो ओटीपी म्हणजे तुमची सही. तुम्ही नंतर डीएनडी कितीही चालू केलं तरी शोरूम तो कागद पुढे करतं. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी संमती मागे घ्या, मग डीएनडी, मग तक्रार. मी उलटा गेलो होतो आणि पहिली तक्रार ‘ग्राहकाची संमती आहे’ या शेऱ्यासह बंद होऊन आली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नियमांत जी दुरुस्ती केली, तिने हा कागद बराच पातळ केला आहे. चालू व्यवहारापुरती दिलेली संमती आता सात दिवसच धरली जाते, म्हणजे एका कोटेशनच्या जोरावर वर्षभर मेसेज पाठवायची सोय राहिली नाही. जाहिरातीच्या मेसेजमध्ये ‘नको’ म्हणायचा मार्ग देणं बंधनकारक झालं. आणि एकदा तुम्ही संमती काढून घेतलीत की पुढचे ९० दिवस ती पुन्हा मागता येत नाही.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा यापेक्षा मोठा आहे. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे, आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. मात्र त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांना मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली, म्हणजे २०२७ चा उन्हाळा उजाडेल. तोवर पत्रात त्याचा उल्लेख धाक म्हणून करा, पण भिस्त १९०९ वर ठेवा.

तिसरी पायरी: डीएनडी, आणि त्यातला एक घोटाळा

डीएनडी चालू करायला १९०९ वर एसएमएस पाठवायचा: इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’, मग एक जागा सोडून शून्य. शून्य म्हणजे सगळ्या जाहिराती बंद. फोन करूनही होतं, आणि ट्रायच्या डीएनडी ॲपवरूनही. ज्या सिमवर त्रास आहे त्याच सिमवरून करा. दोन सिम असतील तर दोन्हीवरून वेगवेगळं.

आता घोटाळा. या यादीत जाहिरातींचे गट आहेत आणि त्यात ‘ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने’ हा पाचवा गट आहे. हुशार माणूस म्हणतो, मला फक्त गाड्यांचे फोन नकोत, तर ‘स्टार्ट ५’ पाठवतो. त्या एसएमएसचा मूळ अर्थ नेमका उलटा आहे: बाकी सगळं बंद करा आणि पाचवा गट तेवढा चालू ठेवा. म्हणजे घर, शिक्षण, आरोग्य गेलं आणि शोरूम राहिलं. माझ्या एका मित्राने हे केलं होतं आणि तो दोन महिने डीएनडीला शिव्या देत होता. गटवार निवड करायचीच असेल तर ॲपमध्ये करा, तिथे काय बंद आणि काय चालू ते डोळ्यांनी दिसतं. नाहीतर सरळ शून्य.

शून्य केलं तर बँकेचे ओटीपी बंद होतील, गॅसचा मेसेज येणार नाही, अशी भीती पुष्कळांना वाटते. तसं होत नाही. व्यवहाराचे आणि सेवेचे मेसेज वेगळ्या वर्गात येतात. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी डॅश देऊन एक इंग्रजी अक्षर असतं ते बघा: पी म्हणजे प्रमोशन, एस म्हणजे सर्व्हिस, टी म्हणजे ट्रान्झॅक्शन, जी म्हणजे सरकारी. डीएनडीने थांबतो तो पी. एसच्या आडून कुणी ‘दसरा ऑफर’ पाठवत असेल तर ती चोरी आहे आणि तक्रारीला पात्र आहे.

नोंद झाली की लगेच शांतता होईल असं धरू नका, आठवडाभर जाऊ द्या.

चौथी पायरी: तक्रार

जाहिरातीचे फोन करायला १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिले आहेत. साध्या दहा आकडी मोबाईलवरून जाहिरात करायला परवानगीच नाही. आणि आपल्याला शोरूममधून येणारे बहुतेक फोन कुठून येतात? सेल्समनच्या स्वतःच्या नाहीतर शोरूमने दिलेल्या साध्या सिमवरून. म्हणजे तुम्ही डीएनडीत असा वा नसा, तो फोन मुळातच नियमाबाहेर आहे. अशा नोंदणी नसलेल्या नंबरांविरुद्ध तक्रार करायला आता आधी डीएनडी चालू असण्याचीही अट नाही.

तक्रार सात दिवसांच्या आत करायची. पूर्वी ही मुदत तीन दिवस होती आणि रविवारच्या फोनची तक्रार करायला गुरुवारी आठवण झाली की संपलं. ॲपमध्ये सोपं आहे: कॉलच्या यादीतून नंबर निवडा, चार शब्दांत काय बोलणं झालं ते लिहा, पाठवा. एसएमएसने करायची तर १९०९ वर आधी थोडक्यात मजकूर, मग स्वल्पविराम देऊन ज्याने फोन केला त्याचा नंबर, मग स्वल्पविराम देऊन तारीख, दिवस-महिना-वर्ष या क्रमाने. उत्तरादाखल तक्रार क्रमांक येतो, तो जपून ठेवा.

मजकूर कसा लिहायचा यावर बरंच अवलंबून आहे. ‘सारखे फोन येतात, त्रास होतो’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला काही कळत नाही. “अमुक कंपनीच्या शोरूममधून नवीन गाडी एक्सचेंज ऑफरसाठी फोन, संमती अमुक तारखेला ईमेलने मागे घेतली आहे” असं लिहा. कोण, कशासाठी, आणि संमती नाही, एवढं एका ओळीत आलं पाहिजे.

एका तक्रारीने काय होतं? एकट्या तक्रारीने फारसं नाही. पण दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या लोकांच्या तक्रारी एका नंबरवर जमल्या की मोबाईल कंपनीला कारवाई करावी लागते. पूर्वी सात दिवसांत दहा लागायच्या. कारवाई पहिल्यांदा म्हणजे त्या फोन करणाऱ्याचे बाहेर जाणारे फोन १५ दिवस बंद, आणि पुन्हा तेच केलं तर सगळी कनेक्शन वर्षभर बंद, तीही सगळ्या मोबाईल कंपन्यांकडे. शोरूमसाठी हे महाग आहे. त्यामुळे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर “या नंबरवरून अजून कुणाला फोन येतात का?” एवढं विचारा. एकाच भागातल्या लोकांच्या याद्या त्यांनी एकदम फिरवलेल्या असतात, चार जण सहज निघतात. आमच्या बिल्डिंगमध्ये सहा निघाले, त्यात एका आजोबांना लायसन्सच नव्हतं.

व्हॉट्सॲप आणि ईमेल

१९०९ चा हात व्हॉट्सॲपपर्यंत पोचत नाही. तिथे नुसतं ब्लॉक न करता ‘रिपोर्ट करून ब्लॉक’ निवडा. रिपोर्ट जमा झाले की त्या खात्याला अडचण येते. सेल्समनने तुम्हाला एखाद्या ग्रुपमध्ये टाकलं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ‘मला ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं’ याचं उत्तर ‘माझे कॉन्टॅक्ट’ करून टाका. कायमचा प्रश्न सुटतो.

ईमेलला एक युक्ती आहे. जीमेलमध्ये आपल्या पत्त्यातल्या ॲटच्या आधी अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द घालता येतो, मेल तरीही आपल्यालाच येतो. शोरूमला तसा पत्ता दिला की पुढे तोच पत्ता घेऊन एखादी विमावाली मेल पाठवते तेव्हा कळतं, घडा कुठे फुटला. फोनसाठी तसं करता येत नाही, पण नावासाठी येतं. आपल्याकडे मधलं नाव असतं ही मोठी सोय आहे. एका शोरूमला वडिलांच्या नावाचं आद्याक्षर ‘म’ सांगा, दुसऱ्याला ‘अ’. महिन्याभराने कुणी “श्री. अ. कुलकर्णी का?” म्हणून फोन केला की नंबर कुठून गेला ते समजलं. फक्त चौकशीपुरतंच हं. बुकिंग, कर्ज आणि पासिंगच्या कागदांवर असले खेळ करू नका, आरटीओत पायपीट होईल.

विम्याचे फोन

हे वेगळं प्रकरण आहे. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, २०१८ पासून. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग दर वर्षी नव्याने घेतो. म्हणजे शोरूमच्या विमा विभागाकडे तुमची तारीख असते आणि ती जवळ आली की महिनाभर आधीपासून गजर वाजायला लागतो. “रिन्यू केला” सांगितलंत तर यंदाचा गजर बंद होतो, पुढच्या वर्षीचा लागतो. त्यामुळे इथेही तेच: विम्याच्या यादीतून नंबर काढा, असं शब्दशः सांगा.

शोरूमकडूनच विमा घ्यायचं कोणतंही बंधन नाही, गाडी विकत घेतानाही नाही. “आमच्याकडून घेतला तरच कॅशलेस होईल” हे वाक्य हमखास ऐकू येतं. कॅशलेस होणार की नाही, हे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर ठरतं, पॉलिसी कुणी विकली यावर नाही. आपल्या विमा कंपनीच्या यादीत ते वर्कशॉप आहे का, एवढं बघा आणि निवांत राहा.

फोन शोरूमचा आहे का, हेही बघा

‘फ्री सर्व्हिस कॅम्प’, ‘तुमच्या गाडीचं चलन थकलंय’, ‘वॉरंटी संपतेय’ असं सांगून ओटीपी मागणारा किंवा व्हॉट्सॲपवर ॲपची फाइल पाठवणारा माणूस शोरूमचा नसतो. फाइल उघडू नका. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. नुसता संशय असेल तर संचारसाथी पोर्टलवर ‘चक्षू’ म्हणून सोय आहे. १९०९ हे जाहिरातींसाठी, चक्षू हे फसवणुकीसाठी. दोन्हीत गल्लत झाली की तक्रार इकडून तिकडे फिरत राहते.

पुढच्या वेळी शोरूममध्ये जाताना

दारातच टॅब घेऊन उभ्या असलेल्या मुलीला सांगा, “आज फक्त बघायला आलोय, नंबर देणार नाही.” गाडी बघायला, बसून बघायला, किंमत विचारायला नंबर लागत नाही. टेस्ट ड्राइव्हला लायसन्स दाखवावं लागतं ते रास्त आहे, गाडी त्यांची आहे. तिथे ओटीपी मागितला तर टॅब आपल्या हातात घ्या, खाली सरकवा, ती बरोबरची खूण काढा, मग सांगा. सेल्समन जरा चुळबुळतो, पण कुणी टेस्ट ड्राइव्ह नाकारल्याचं मी पाहिलेलं नाही. कोटेशन कागदावर मागा. शेवटच्या भावाची घासाघीस करायची वेळ येईल तेव्हा सेल्समनचा नंबर तुम्ही घ्या आणि फोन तुम्ही करा. सणाच्या आधी आणि डिसेंबरअखेर त्यांना विक्रीचा आकडा गाठायचा असतो. त्या दिवसांत तुमच्या एका फोनला जो मान मिळतो, तो त्यांच्या वीस फोननी तुम्हाला मिळत नाही.

काय बंद करू नये

पत्रातली ती एक ओळ आठवा. गाडीत कारखान्यातून आलेला दोष सापडला की कंपनी गाड्या परत बोलावते, फुकट दुरुस्त करून देते. एअरबॅग, ब्रेक, फ्युएल पंप अशा गोष्टी असतात. ती सूचना डीलरमार्फतच येते, कधी त्याच वर्कशॉपच्या नंबरवरून, जो तुम्ही वैतागून ब्लॉक केलेला असतो. म्हणून वर्कशॉपचा एक नंबर नावासकट सेव्ह करा आणि तेवढा उघडा ठेवा. शिवाय वर्षातून एकदा कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून रिकॉल आहे का ते स्वतः बघा. चासी नंबर आरसीवर असतो.

आणि जुनी गाडी विकली असेल तर आणखी एक काम. फॉर्म २९ आणि ३० भरून, आरसीवर नवीन मालकाचं नाव लागलं की आपण सुटलो असं वाटतं. आरटीओच्या दृष्टीने सुटलो. वर्कशॉपच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र त्या गाडीपुढे आपलाच नंबर असतो, आणि ती गाडी दुसऱ्या गावात सर्व्हिसला गेली तरी निरोप आपल्याला येतो. नव्या आरसीची प्रत वर्कशॉपला ईमेल करा आणि त्या गाडीवरून आपला नंबर काढायला सांगा. मी हे अजून केलेलं नाही. त्यामुळे चार वर्षांपूर्वी विकलेली माझी गाडी संगमनेरला कुणाकडे तरी आहे, तिचे किलोमीटर किती झाले, क्लच कधी बदलला आणि बिल किती झालं, हे सगळं मला दर सहा महिन्यांनी कळतं. मागच्या वेळी बिल बघून मलाच जरा काळजी वाटली.